चालकाची चूक, असं मी लिहिलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. न्यू जर्सीत एका जपानी मोटारींच्या डीलरशिपमध्ये मी अकरा वर्षं सर्व्हिसच्या काउंटरवर होतो. तिथे असताना एका कागदावर मी एक ओळ खोटी लिहिली. घाईत नाही, चुकून नाही. खरं काय ते त्याच सकाळी डोळ्यांनी पाहिलं होतं, बोटाने शिवून पाहिलं होतं, आणि दुपारी शांतपणे उलटं लिहिलं. त्या ओळीमुळे एका बाईंची गाडी सुटली, मग नोकरी सुटली, आणि पुढे कित्येक वर्षं चारचौघांत त्यांची चेष्टा झाली. ती चेष्टा चालायची तेव्हा बहुतेक वेळा मी तिथेच असायचो, त्यांनीच वाढलेलं जेवत.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक मुलीने मला सांगितलं होतं, "काका, गमतीदार कस्टमर्स लिहा ना. लाइट काहीतरी." तसे आहेत माझ्याकडे. एका गृहस्थांनी नव्या गाडीची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, आणि नारळ रस्त्यावर फोडायचा तो उत्साहाच्या भरात बॉनेटवरच फोडला. दुसऱ्या दिवशी हजर. हा पोचा वॉरंटीत बसवा म्हणाले. माझा साहेब फ्रँक, सर्व्हिस मॅनेजर, बराच वेळ त्या पोच्याकडे बघत राहिला. "विनी, कारण काय लिहायचं? आकाशातून फळ पडलं?" विनायकचं विनी त्याने पहिल्याच दिवशी केलं होतं. मी म्हटलं, "धार्मिक लिही." आठवडाभर तो येताजाता मला नमस्कार करत होता.

हा किस्सा मी प्रत्येक पार्टीत सांगितला आहे. लोक हसले आहेत. कारणाच्या रकान्यात मी आणखी काय काय लिहिलं, ते मात्र कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तो रकाना काय ते आधी सांगतो. माझं पद सर्व्हिस रायटरचं, म्हणजे मेकॅनिकचं नव्हे. माझ्याकडे पुण्याचा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा होता, पण अमेरिकेत त्याचा उपयोग एवढाच की मला गाडीची भाषा समजायची. गिऱ्हाईक सकाळी गाडी आणणार, काउंटरवर मी. तो म्हणणार, "खालून काहीतरी कुरकुरतंय." मी विचारणार, कधी, कुठे, वळताना की थांबताना. मग ते मेकॅनिकला कळेल असं कागदावर उतरवायचं. कागदावर तीन रकाने: तक्रार, कारण, उपाय. तक्रार गिऱ्हाइकाची. उपाय मेकॅनिकचा. मधला कारणाचा रकाना मेकॅनिकशी बोलून मी भरायचो. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक दुकानात, आणि वॉरंटीचं काम असलं तर एक कंपनीला, तिथून पुढे जपानला. न्यू जर्सीच्या रस्त्यावर गाडीचं काय बिघडतं हे तिकडच्या कारखान्याला कळण्याचा रस्ता माझ्या बॉलपेनातून जात होता. हे मी त्या काळी छाती फुगवून सांगायचो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, बघा, जपान्यांनीही फसवलं. त्यांनी फसवलं नाही, मी फसवलं. आणि खोटं जिथे बोललं गेलं ते दुकानही आता उरलेलं नाही.

कंपनीची कीर्ती मात्र सांगायला हवी, कारण सगळं घडलं ते त्या कीर्तीपायी. आमच्या दुकानात एक म्हातारा मेकॅनिक होता, तो या कंपनीच्या अमेरिकेत आलेल्या पहिल्या गाड्यांवर काम केलेला. तो सांगायचा, सुरुवातीला लोक त्या गाड्यांना हसत. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने दोन हिवाळ्यांत दरवाजांचे खालचे पत्रे खाल्ले जायचे, मुठीएवढी भोकं पडायची. मग कंपनीची माणसं आली. भंगारवाल्यांच्या आवारात वाकून वाकून भोकं मोजली, गंजलेले दरवाजे खोक्यांत भरून घेऊन गेली. पुढच्या गाड्यांचे दरवाजे गंजले नाहीत. म्हातारा म्हणायचा, "आमच्या डेट्रॉइटवाल्यांना भोक दाखवलं तर ते म्हणायचे, तुम्ही गाडी धूत नाही."

हे ऐकून मला कंपनीबद्दल भक्ती वाटायची. भक्ती हाच शब्द बरोबर आहे. पण त्या गोष्टीचा अर्थ मला लागला नव्हता. ती कीर्ती भोकं मोजून झाली होती. मी ती भोकं लपवून राखायला निघालो.

मग पेट्रोलची टंचाई झाली, पंपांवर रांगा लागल्या, आणि छोट्या, कमी पिणाऱ्या जपानी गाड्यांवर अमेरिका तुटून पडली. मी कामाला लागलो तेव्हा, ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत, गाड्यांना वेटिंग लिस्ट होती. दुसरीकडे राग होता. डेट्रॉइटच्या कारखान्यांतून माणसं घरी बसत होती. कुठल्याशा जत्रेत जपानी गाडी मधोमध ठेवून लोकांनी पैसे देऊन हातोड्याने फोडली, ते आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. आमच्या दुकानाच्या आवारातल्या नव्या गाड्यांवर कोणी किल्लीने ओरखडे काढून जायचं. एकदा एक इसम काउंटरवर येऊन मला म्हणाला, तू तुझ्या जपानला परत जा. मी साताऱ्याचा.

अशा हवेत आमच्या गाडीत दोष आहे म्हणणं म्हणजे शत्रूला सामील होणं. फ्रँकने भिंतीवर एक फळा लावला होता. एकाच तक्रारीसाठी गाडी पुन्हा आली तर तिला कमबॅक म्हणतात. महिन्यात किती कमबॅक झाले तो आकडा फळ्यावर. शून्य असलं की फ्रँक डोनट आणायचा. सलग वर्षभर शून्य आलं तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाकडून दुकानाला पितळी पाटी मिळणार होती, आणि मला असिस्टंट मॅनेजरची खुर्ची.

आणि आपले लोक. मंडळात माझी ओळख "गाडीवाला विनायक". ओक ट्री रोडवर तेव्हा देशी दुकानं मोजकीच होती, पण शनिवारी तिथे भाजी घ्यायला गेलं की हटकून कोणीतरी गाठायचं. "काय रे, घेऊ का तुझी जपानी?" मी म्हणायचो, "डोळे मिटून घ्या." चाळीसेक कुटुंबांनी माझ्या शब्दावर तीच गाडी घेतली. गणपतीला शाळेच्या पार्किंगमध्ये एकसारख्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, लोक चुकून दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावायचे. कारखाना जपानात, मालक जपानात, आणि इज्जत माझी, असं मला वाटायचं. कारकुनाच्या असल्या निष्ठेची आज मला किळस येते.

त्या चाळीसातलं एक कुटुंब मुकुंदराव आणि वैजयंतीवहिनी. मुकुंदराव पुण्याचे, इंजिनियर, रोज आगगाडीने मॅनहॅटनला जाणारे. वहिनी नागपूरच्या, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी., एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. गाडी एकच. मुकुंदरावांनी त्यांना रविवारच्या रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवायला घेतलं होतं आणि इतके ओरडले होते की शेवटी वहिनी लॅबमधल्या एका मैत्रिणीकडून शिकल्या. ड्रायव्हिंगची परीक्षा पहिल्याच खेपेला पास. मुकुंदरावांना दोन खेपा लागल्या होत्या, पण ते कोणी बोलत नसे.

रोज सकाळी वहिनी गाडी चालवत. मुकुंदरावांना तीन मैलांवर स्टेशनवर सोडायचं, मग चार वर्षांच्या मेघनाला हॉस्पिटलजवळच्या पाळणाघरात ठेवून कामावर. स्टेशनपासून पुढे बारा मैल.

ऑक्टोबरात त्या पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आल्या. "विनायकभाऊ, गाडी बंद पडून राहिली."

"कुठे?"

"चालता चालता. आधी जीव सोडल्यासारखी करते, मग बंद. दहा मिनिटं थांबलं की चालू. तुमचा टो ट्रक ओढून न्यायला येईपर्यंत तर अशी चालू होते, जसं काही झालंच नाही."

आम्ही गाडी आत घेतली. गरम शेडमध्ये तासभर इंजिन चालू ठेवलं, दुपारी फिरवून आणली. काही नाही. अशा वेळी कागदावर लिहितात, "दोष आढळला नाही." ते लिहिलं. इथपर्यंत मी प्रामाणिक होतो.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या खेपेला मुकुंदरावही बरोबर. ते म्हणाले, "विनायक, माझं निरीक्षण ऐक. मी गाडीत असताना ही कधीही बंद पडत नाही. एकदाही नाही. मी स्टेशनवर उतरलो की पडते. आता यावरून काय ते समज."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे माझी नजर असली की तू नीट चालवतेस."

फ्रँक मागून ऐकत होता. मराठी त्याला येत नव्हतं, पण नवरा-बायकोचं भांडण कुठल्याही भाषेत कळतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "विनी, ही गाडी बंद पडत नाही. टीव्हीवर रोज सांगतात. तुझ्या घरी टीव्ही नाही का? बाई पेडल पंप करत असणार." वारंवार पेडल मारलं की इंजिनात पेट्रोल जास्त होतं आणि ते गुदमरतं, हे खरं आहे. वहिनींना मी विचारलंही नाही. "चालकाला योग्य पद्धत समजावून सांगितली" असं लिहिलं. असं लिहिलं की ते कमबॅकमध्ये धरत नसत. फळ्यावर शून्य राहिलं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या आठवड्यात गाडी हायवेवर मधल्या लेनमध्ये बंद पडली. मागे ट्रक, मागच्या सीटवर मेघना. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवून लेन बदलली म्हणून वाचल्या. उरलेल्या गतीवर वहिनींनी गाडी कशीबशी कडेला नेली, मुलीला कुशीत घेतलं आणि गवतात उभ्या राहिल्या. हे त्यांनी मला काउंटरवर सांगितलं तेव्हा आवाज एका पट्टीतला होता, लॅबचा रिपोर्ट वाचावा तसा. मग पर्समधून एक छोटी वही काढली.

"यात सगळ्या वेळा लिहून राहिले मी. बघा तुम्ही. कोरड्या थंडीत पडत नाही. कडक थंडीतही नाही. धुकं किंवा भुरभुर असली आणि थंडी बेताची असली, तेव्हाच. आणि घरापासून नऊ मैलांच्या आत कधीच नाही. स्टेशन तीन मैलांवर आहे, भाऊ. यांना ती बंद पडलेली दिसणार कशी?"

वही अजून डोळ्यांसमोर आहे. वेळ, हवा, मैल, किती मिनिटांनी चालू झाली. कुठल्याही मेकॅनिकने माझ्यासमोर इतकी स्वच्छ तक्रार कधी ठेवली नाही.

वही मी ठेवून घेतली, गाडीही. तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. फ्रँक यायच्या आधी मी तीच गाडी घेऊन तोच रस्ता धरला. नवव्या मैलानंतर इंजिन अडखळायला लागलं. पेडल दाबलं तर आणखी मलूल. दहाव्या मैलाच्या आसपास बंद. मी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचं झाकण काढलं. कार्ब्युरेटरच्या गळ्यात पांढरा बर्फ होता. फ्रिजच्या कप्प्यात साठतो तसा. मी बोट लावलं, ते ओलं झालं.

समजायला सोपं आहे. कार्ब्युरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतात, आणि पेट्रोलची वाफ होताना तिथली हवा गार पडते. बाहेरची हवा दमट आणि बेताची थंड असली की त्यातलं पाणी तिथेच गोठतं आणि हवेची वाट बंद होते. हे होऊ नये म्हणून थंडीत इंजिनाजवळची गरम हवा आत ओढणारी एक झडप असते. या गाडीत ती झडप हलवणारा व्हॉल्व्ह अडकला होता. व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा. बंद पडल्यावर इंजिनाच्या उष्णतेने दहा मिनिटांत बर्फ विरघळतो, पुरावा शिल्लक राहत नाही. वहीतला शब्द न शब्द बरोबर होता.

मी परत आलो. फ्रँक डोनटचं खोकं घेऊन उभा. "काय, पडली का बंद?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? वर्ष संपायला सहा आठवडे होते आणि फळ्यावर शून्य होतं, हे एक. पण तेवढंच नव्हतं. खरं लिहायचं तर आधीचे दोन कागद खोटे ठरत होते. ज्या बाईला मी पेडल कसं दाबायचं ते शिकवलं, तिने मला दोष शोधून दिला होता. चाळीस घरांत ही गोष्ट गेली असती. मला लाज वाटली, आणि माझी लाज मी तिच्या अंगावर ढकलली. दुपारी कारणाच्या रकान्यात लिहिलं, "चालकाची चूक." उपायाच्या रकान्यात लिहिलं, "काही नाही."

संध्याकाळी मुकुंदराव गाडी न्यायला आले. कागद वाचला, नीट घडी केली, पाकिटात ठेवला. "बरं झालं लेखी दिलंस," म्हणाले. गाडीची दुसरी किल्ली वहिनींकडून त्यांनी त्याच दिवशी काढून घेतली. पोरीचा जीव जायचा होता, असं म्हणाले, आणि त्यांच्या जागी कोणीही तेच म्हणालं असतं. त्यांच्या हातात कागद मीच दिला होता.

हॉस्पिटलला बस जात नव्हती. महिनाभर वहिनी लॅबमधल्या मैत्रिणीबरोबर गेल्या, मग तिची शिफ्ट बदलली. जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. एम.एस्सी. झालेली बाई घरी चार मुलं सांभाळू लागली. माझ्या बायकोने, शैलाने, विचारलं, "पण मग ती गाडी बंद का पडायची?" मी म्हटलं, "घाबरते ती." शैला म्हणाली, "वैजू? ती तर माझ्यापेक्षा चांगली चालवायची." मी वर्तमानपत्र उघडलं.

पाटी मिळाली. खुर्चीही मिळाली.

एप्रिलमध्ये जपानहून कंपनीचे एक इंजिनियर आले, निशिदा नावाचे. कारखान्यातली अशी माणसं दुकानादुकानांतून फिरत. साधारण पन्नाशीचे, पांढरा शर्ट, खिशात छोटा आरसा आणि टॉर्च. आल्या आल्या एका गाडीखाली सरळ फरशीवर आडवे झाले, फ्रँक घाईने पुठ्ठा आणायला धावला. मग काउंटरवर येऊन तोडक्या इंग्रजीत मला म्हणाले, "चांगलं नको सांगू. वाईट सांग, प्लीज."

मी हसलो. फ्रँक म्हणाला, "आमच्याकडे वाईट नाही. फळा बघा."

त्यांनी फळा बघितला. खूश झालेले दिसले नाहीत. "थंड, ओली सकाळ," ते सावकाश म्हणाले. "काही मैल. मग इंजिन बंद. मग पुन्हा चालू. अशी गाडी इथे आली?"

तो माणूस सात समुद्र ओलांडून नेमकं तेच विचारायला आला होता. वैजयंतीवहिनींची वही माझ्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होती. मी तो हात ड्रॉवरवरच ठेवून उभा होतो.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."

"एकही नाही," त्यांनी टिपून घेतलं आणि मान लववली. माझं उत्तर त्यांच्यासाठी माहिती होती. ती घेऊन ते पुढच्या दुकानात गेले.

या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. कंपनीला खरं हवं होतं, गिऱ्हाइकाने खरं मोजून आणून दिलं होतं, आणि मधे आम्ही बसलो होतो, पाट्या जमवणारे, कंपनीच्या नावाची काळजी कंपनीपेक्षा जास्त करणारे. ही गाडी कधी बिघडत नाही असं जो तो म्हणायचा, आणि ते खरं राहावं म्हणून बिघडलेलं कागदावर येऊ द्यायचं नाही. कोणाच्या तरी माथी मारायचं. माथं शोधावं लागत नसे. म्हातारा, इंग्रजी कच्चं असलेला, किंवा बाई. बाई असली तर फार लिहावंही लागत नसे. तिचा नवरा उरलेलं स्वतःच भरायचा.

दुसऱ्या कुठल्या तरी गावात कोणीतरी खरं लिहिलं असणार, कारण सप्टेंबरात कंपनीचं पत्रक सगळ्या दुकानांना आलं. दमट हवेत गाडी बंद पडण्याची तक्रार असल्यास अमुक व्हॉल्व्ह बदला, मोफत. त्यात आकृती होती. मी पाहिलेला बर्फ रेघांनी काढून दाखवला होता.

आता तरी? पत्रक हातात धरून मुकुंदरावांकडे जायचं होतं. बघा, कंपनीच म्हणते आहे. एवढं सोपं झालं होतं. मी काय केलं, तर पुढच्या महिन्यात मुकुंदराव ऑइल बदलायला आले तेव्हा मेकॅनिककडून गुपचूप तो व्हॉल्व्ह बदलून घेतला आणि कागदावर फक्त ऑइल लिहिलं. मला त्या दिवशी हलकं वाटलं. चूक दुरुस्त केली असं वाटलं.

मी काय करून बसलो ते नंतर कळलं. गाडी पुन्हा कधीच बंद पडली नाही. मुकुंदराव ती धुक्यातून नायगाराला घेऊन गेले, पावसात व्हर्जिनियाला घेऊन गेले. जितके मैल वाढले तितकी वहिनींची चूक पक्की होत गेली. मी दुरुस्त केली ती गाडी. वहिनींच्या विरुद्धचा शेवटचा पुरावाही मीच तयार करून दिला.

त्यांच्याकडे एकदा दिवाळीचं जेवण होतं. पंधरावीस माणसं, बेसमेंटमध्ये कागदी ताटं. गाड्यांचा विषय निघाला. मुकुंदराव म्हणाले, "आमची दीड लाख मैलांवर गेली, घड्याळासारखी चालते. गाडी उत्तमच आहे हो, प्रश्न स्टिअरिंगमागे कोण आहे त्याचा. हिच्या हातात होती तेव्हा आठवड्याला टो ट्रक. ट्रकवाला घरचा झाला होता, भाऊबीजेला बोलवायचा राहिला." लोक हसले. "विश्वास नसेल तर विनायकला विचारा. काय रे, काही दोष होता का गाडीत?"

माझ्या तोंडात घास होता. तो मी चावत राहिलो.

वैजयंतीवहिनी पुऱ्यांचं ताट घेऊन फिरत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊंना कशाला विचारून राहिले तुम्ही? त्यांच्या हातचं लेखी आहे ना तुमच्या पाकिटात." आणि माझ्या ताटात पुरी वाढली.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. त्या दिवशी ते खरंच होतं, मी स्वतः नीट करवली होती. अशी खरी वाक्यं बोलून मी दिवस काढले.

वही त्यांनी कधी परत मागितली नाही. मी दुकान सोडलं तेव्हा ड्रॉवर रिकामा करताना ती कागदांबरोबर कचऱ्यात टाकली. तेही इथे लिहून ठेवतो.

गेल्या वर्षी व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला एका लग्नात सगळे भेटले. मेघना आता पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला असते, सॉफ्टवेअरमध्ये. आईवडील तिच्याकडेच राहतात. मुकुंदरावांचे गुडघे गेले आहेत, दृष्टी कमी झाली आहे, त्यांनीही आता गाडी सोडली. मी मेघनाला म्हटलं, "मग आईबाबांचं बाहेर जाणंयेणं?"

"आय डू इट, काका. वीकेंडला. लायब्ररी, टेंपल, डॉक्टर, सगळं सॅटर्डेला. आई नेव्हर लर्न्ड टू ड्राइव्ह, यू नो. शी इज स्केअर्ड ऑफ कार्स."

नेव्हर लर्न्ड. ज्या बाईने बंद पडलेली गाडी ट्रकच्या पुढून कडेला काढून याच मुलीला वाचवलं, तिच्याबद्दल. मेघनाला ते आठवत असणं शक्य नाही, ती चार वर्षांची होती. तिला घरात जे ऐकू आलं ते तिने मानलं. मुकुंदराव शेजारच्या खुर्चीवर मान हलवत होते. त्यांनीही तेच मानलं आहे, मनापासून. आणि वहिनी नातीच्या केसातली पिन सारखी करत होत्या. त्या म्हणाल्या, "हो, घाबरतेच मी." चेष्टेने नाही, रागाने नाही. इतक्या वर्षांनी त्यांनाही ते खरं वाटायला लागलं आहे की काय, हे मला कळलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

त्या वेळी सांगायला हवं होतं. समोर तिघंही होते. मी नातीचं नाव विचारलं, कोणत्या इयत्तेत आहे ते विचारलं, आणि उठलो.

म्हणून हे लिहिलं. संपादक मुलीला सांगून ठेवलं आहे की हा लेख प्रेसला पाठवण्याआधी मला महिनाभराचा वेळ द्यायचा. तिने कारण विचारलं, मी सांगितलं नाही. कारण हे आहे की अंकात छापून मी मोकळा होत नाही. अंक वाचणारे तुम्ही माझे काही धनको नव्हेत. वैजयंतीवहिनींनी ही गोष्ट दिवाळी अंकात वाचावी, चाळीस घरांबरोबर, हा त्यांचा आणखी एक अपमान होईल.

माझं देणं एवढंच आहे. त्या महिन्यात बेलव्ह्यूला जायचं, वैजयंतीवहिनींसमोर बसायचं, आणि मुकुंदराव आणि मेघना ऐकत असताना सांगायचं, की गाडीत दोष होता, वहिनी, तुमच्यात नव्हता. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. आणि मी खोटं लिहिलं. हे मी अजून सांगितलेलं नाही.